सावलीचा पिवळा उजेड

केतकीची मुलगी पाच दिवसांची झाली तेव्हा कुठे प्रणालीला नागपूरहून चंद्रपूरला यायला जमलं. मे महिना होता. पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून ती पहाटेच गाडी घेऊन निघाली आणि पोचली, ते बरंच झालं. कारण ती आल्यावर थोड्याच वेळात वरोऱ्याच्या बाजूला पेटलेला वणवा रस्त्यापर्यंत आला आणि नागपूरचा रस्ता बंद झाला. शहरात वीज तर आदल्या दिवसापासूनच नव्हती. केतकीचा नवरा रोशन लाइनमन. तीच वीज परत आणायला तो कुठल्या तरी रानात खांबावर चढलेला होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"बघ तुझी भाची," आई म्हणाली. "इतकी गुणाची पोर आहे, रडतच नाही बाप्पा. निस्ती झोपून राह्यते."

केतकी भिंतीला टेकून बसली होती. पायांवर बाळ. "ताई, दूध ओढत नाही गं नीट. दोन घोट घेते अन् झोपते. सिस्टर काल येऊन बघून गेली. म्हणाली, छान आहे, उन्हाने सुस्तावते म्हणून."

प्रणालीने बाळाला उचललं. इवलंसं नाक, जावळ कपाळापर्यंत आलेलं. रंग निमगोरा, रोशनसारखा. खिडकीतून मऊसर उजेड येत होता आणि बाहेर भट्टी पेटलेली असताना खोली सोसवेल इतपत थंड होती. त्या गारव्याचा प्रणालीला मनातून अभिमान वाटला. कारण खिडकीच्या काचेवर चिकटवलेली फिल्म तिच्या प्रयोगशाळेतून आलेली होती.

तिचं नाव 'सावली'. गेल्या चार उन्हाळ्यांत विदर्भातल्या बहुतेक घरांच्या काचांवर सावली चढली होती. पत्र्याच्या घरांना तर ती सरकारने फुकट लावून दिली होती. साधा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप, बस इतकंच.

चांदीचे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढे बारीक केले की चांदी आपला रंग विसरते. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर झोके घेऊ लागतात. प्रत्येक झोक्याची जशी स्वतःची लय असते, तशी ती प्रत्येक कणाची असते, आणि ज्या लाटेची लय त्याच्याशी जुळते तीच लाट तो गिळतो. बाकीच्या लाटा सोडून देतो. ही लय ठरते कणाच्या आकारावर. गोल कण निळा प्रकाश गिळतो, म्हणून गोल कणांची फिल्म पिवळी दिसते. त्याच चांदीची चपटी तिकोनी चकती केली, की लय संथ होते आणि ती डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची लाट गिळू लागते. सावलीत अशाच अब्जावधी चकत्या होत्या. त्या उजेड आत सोडायच्या आणि ऊन बाहेर ठेवायच्या. नवी फिल्म किंचित निळसर दिसे.

केतकीच्या खिडकीवरची फिल्म आता निळसर नव्हती. जुनी झाली की ती थोडी पिवळी पडते, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. कडक उन्हात चकत्यांची टोकं झिजतात, त्या हळूहळू गोल होतात. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. उन्हाला थोडी कमी अडवते, तेवढंच. आणि आत राहणाऱ्याला पिवळेपणा जाणवतही नाही. मेंदू दोन दिवसांत त्या उजेडाला सरावतो आणि पांढरा सदरा पांढराच दिसतो.

दारावर टकटक झाली. शेजारचे तात्या उरकुडे होते, काठी टेकत, डोक्यावर ओला पंचा घेऊन आलेले. "पोरगी दाखवा नं जरा. पायऱ्या चढून आलो, आता आत येत नाही, उंबऱ्यातूनच पाह्यतो."

प्रणाली बाळाला घेऊन दारापाशी गेली. दार उघडं होतं आणि बाहेरच्या गच्चीवरून पांढरंशुभ्र ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं.

तात्या वाकले आणि हसता हसता थांबले. "मायवं! पोरीले हळद लावली काय?"

प्रणालीने खाली पाहिलं. बाळ पिवळंधमक होतं. कपाळ, छाती, पोट, तळपायसुद्धा. तिने बोटाने पापणी वर केली. डोळ्यांतला पांढरा भाग पिकलेल्या लिंबासारखा झाला होता. ती दोन पावलं मागे खोलीत आली. बाळ पुन्हा निमगोरं, गोजिरवाणं. पुन्हा दारात गेली. पिवळं.

"केतकी, ऊठ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

*

डॉ. सुलभा गेडाम यांचं छोटं प्रसूतिगृह गाडीने पाच मिनिटांवर होतं. अंगणात आणि व्हरांड्यात उष्माघाताचे रुग्ण ओल्या चादरी पांघरून आडवे होते. दुसरीकडे कुठे पाठवायला जागाच उरली नव्हती, म्हणून सगळ्यांना इथेच घेतलं होतं. डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, बॅटरीवरच्या यंत्रात घातला आणि आकडा दोनदा वाचला.

"कावीळ आहे. नवजात बाळांना होते, बहुतेकांची आपोआप उतरते. हिची फार चढली आहे." त्या केतकीकडे पाहून बोलत होत्या. "रक्तातला पिवळा पदार्थ यकृताला बाहेर टाकता येत नाहीये. एका हद्दीपुढे तो मेंदूत शिरतो."

"मग औषध द्या नं, मॅडम."

"औषध म्हणजे निळा प्रकाश. अंगावर निळा प्रकाश पडला की तो पदार्थ फुटतो आणि लघवीतून निघून जातो. माझ्याकडे दिवे आहेत, वीज नाही. जनरेटरचं डिझेल संपत आलंय, जे आहे त्यावर ऑक्सिजनची यंत्रं चाललीत. नागपूरला पाठवलं असतं, पण रस्ता बंद." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "सकाळपासून हे दुसरं बाळ. पहिलं तर हिच्याहून जास्त सुस्त आहे. मला कळत नाही, आमच्या सिस्टर घरोघर जाऊन बघून आल्या, त्यांना दिसलं कसं नाही?"

आतल्या खोलीत पूनम नावाची एक मुलगी आपल्या मुलाला छातीशी धरून बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. मुलाची मान मागे वळलेली होती आणि तो मधूनच बारीक, चिरका आवाज काढत होता.

"पूर्वी कोवळ्या उन्हात ठेवायचो आम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "आता कोवळं ऊन राहिलंय कुठे? बाहेर ठेवलं तर दहा मिनिटांत बाळ उष्माघाताने जाईल."

"निळा म्हणजे नेमका कुठला?" प्रणालीने विचारलं. "तरंगलांबी किती?"

"चारशे साठ नॅनोमीटरच्या आसपास. का?"

हा आकडा प्रणालीला चांगला ओळखीचा होता. जुन्या झालेल्या सावलीच्या आलेखावर, झिजून गोल झालेले कण जिथे एकमेकांना चिकटू लागतात, तिथे एक खोल खड्डा पडायचा. चारशे साठला. तिनेच तो आलेख काढला होता आणि त्याखाली 'किरकोळ रंगबदल' असं लिहिलं होतं.

म्हणजे त्या फिल्मने बाळाचा पिवळेपणा लपवला होता. सगळं घरच पिवळं, तर बाळ वेगळं दिसणार कसं? आणि खिडकीतून येणारा जो निळा उजेड बाळाची कावीळ थोडी तरी रोखून धरू शकला असता, तोच नेमका फिल्मने गिळला होता.

केतकी तिच्याकडे बघत होती. लहानपणापासून ती ताईचा चेहरा वाचत आली होती. "ताई, काय झालं? खिडकीचं काही आहे का?"

"हो."

"तुझ्या कागदाचं?"

"हो, केतकी."

केतकीने बाळाला प्रणालीच्या बाजूने काढून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"शिव्या मग दे," प्रणाली म्हणाली. "मला आत्ता एक सांग. फिल्म लावून झाल्यावर उरलेला तुकडा कुठे आहे? रोशनने टाकून दिला का?"

"काऊन?"

"नवी फिल्म निळा प्रकाश आत सोडते आणि उष्णता अडवते. आपल्याला नेमकं तेच हवंय. पण ऊन न लागलेली पाहिजे. अंधारात राहिलेली."

केतकीने डोळे मिटले. "स्वयंपाकघरात. फळीवर अंथरलीय. डब्यांच्या खाली."

*

प्रणाली घरी धावली. तिने आणि आईने फळीवरचे डाळीतांदळाचे डबे भराभर खाली काढले. खाली तेलकट, पिठाने माखलेली फिल्म होती. आईने ती मोरीत घेतली आणि भांड्याच्या साबणाने घासली. प्रणालीने ती दारात उन्हासमोर धरली. पाण्याच्या थेंबांमागे फिकट निळा रंग दिसला. एका खाटेवर ताणता येईल एवढाच तुकडा होता.

"इतकुशानं होते का गं?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

दवाखान्याच्या अंगणात त्यांनी लोखंडी खाट उलटी केली. वर आलेल्या चार पायांना फिल्म ताणून बांधली आणि चारही बाजूंनी ओल्या चादरी सोडल्या. चंद्रपूरची हवा कोरडी ठणठणीत. तिच्यात ओली चादर टांगली की पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तात्या उरकुडे दम खात मागून चालत आले होते. कुणी न सांगताच ते विहिरीपाशी जाऊन बसले आणि भरलेल्या बादल्या पुढे सरकवू लागले. डॉक्टरांनी खाली गादी घातली, थर्मामीटर ठेवला आणि थोड्या वेळाने पाहिला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी सतत पाणी मारावं लागेल. सतत. आणि अंग तापलं की लगेच बाहेर काढायचं."

केतकीने बाळाचे कपडे काढले. डोळ्यांवर काळ्या कापडाची पट्टी बांधली. तिला आत ठेवणार इतक्यात तिची नजर दाराकडे गेली. पूनम उंबऱ्यात उभी होती. तिने काही मागितलं नाही. ती नुसती त्या खाटेकडे बघत होती.

प्रणालीला वाटलं, आता केतकी नजर फिरवेल. तिने तशी ती फिरवली असती तर तिला कुणी बोललं नसतं.

"ये," केतकी म्हणाली. "दोघं मावतील. इकडच्या बाजूला ठेव."

दोन्ही बाळं शेजारीशेजारी निजवली. फिल्ममधून उतरलेल्या गार, निळसर उजेडात त्यांची पिवळी अंगं आणखीनच पिवळी दिसत होती. कुठेही लपलेलं काही राहिलं नव्हतं.

मग फक्त पाणी होतं. आई एका बाजूने चादर भिजवायची, दुसरीकडून प्रणाली. ती पहिल्या टोकाशी परतेपर्यंत ते टोक कडकडीत वाळलेलं असायचं. डोक्यावर ओढणी गुंडाळूनही तिच्या कानशिलांत घण पडत होते. एकदा तिचा तोल गेला, गुडघे फुटले. डॉक्टर ओरडल्या, "सावलीत बसा!" तिने ऐकलं नाही. दर थोड्या वेळाने केतकी चादरीखाली हात घालून मुलीला पालथी करायची, उताणी करायची, चमच्याने दूध पाजायची. अंग तापलं की उचलून आत पळायचं, पुसायचं, पुन्हा आणायचं. पूनमही तेच करत होती. दोघी एकमेकींना आधी ओळखतही नव्हत्या.

"ताई," एकदा केतकी वर न बघता म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस, लाव, बाळासाठी चांगली आहे म्हणून."

प्रणालीने चादरीवर पाणी मारलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पूनमचा मुलगा ताठ झाला. त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली, आणि मग तो सैल पडला. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, छाती दाबली, नळीने श्वास दिला. बराच वेळ. बाहेर तिघी जणी पाणी मारत राहिल्या, कारण थांबता येत नव्हतं. मग आतून पूनमचा आवाज आला आणि केतकीने आपल्या मुलीवर वाकून दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकून घेतले.

संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा टाचेतून थेंब घेतला. आकडा उतरला होता. फार नाही, पण उतरला होता. अंधार पडल्यावर काही वेळाने दिवे आले आणि डॉक्टरांच्या खोलीतला निळा दिवा पेटला. रोशन कुठल्या खांबावरून उतरून तसाच धावत आला, तेव्हा त्याची मुलगी त्या दिव्याखाली हातपाय हलवत होती. दुसऱ्या दिवशी वणवा आटोक्यात आला आणि बाळाला नागपूरला नेलं. ती वाचली.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, कान तपासून घ्या. केतकी-रोशनने ते तपासून घेतले. डोक्याला तारा लावल्या, कानात आवाज सोडला, पडद्यावरची रेघ सरळच राहिली. त्या पिवळ्या पदार्थाने मेंदूत शिरून पहिला घाला कानाच्या नसांवर घातला होता. दोन्ही कान गेले होते.

रोशनने फोनवर एवढंच सांगितलं आणि म्हणाला, "ताई, केतकीला सध्या फोन करू नका."

प्रणाली कंपनीत गेली. संशोधन विभागाचे प्रमुख हर्षवर्धन भाके यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जुन्या फिल्मचे तुकडे, नवे आलेख, सगळं पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची आई याच फिल्मखाली गेले चार उन्हाळे जगली होती.

"तू म्हणतेस ते खरं आहे," ते म्हणाले. "नवी फिल्म आपण बदलू. चकत्यांवर काचेचं कवच चढवू, मग त्या झिजणार नाहीत. एक वर्ष दे मला."

"आणि या वर्षात जन्मणारी मुलं?"

"प्रणाली, आज आपण जाहीर केलं तर उद्या लोक फिल्म ओरबाडून काढतील. जूनच्या तोंडावर. किती म्हातारी माणसं मरतील, याचा विचार केलास?"

"काढा म्हणून नाही सांगायचं. बाळाला रोज एकदा दारात नेऊन बघा, एवढंच सांगायचं."

"आणि लोक एवढंच ऐकतील?"

प्रणाली दोन दिवस घरात बसून राहिली. पूनमचा आवाज कानांतून जात नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने डॉ. गेडाम यांना फोन केला आणि दोघींनी मिळून साध्या मराठीत एक चित्रफीत काढली. दारातलं बाळ आणि खोलीतलं बाळ, शेजारीशेजारी. खाली प्रणालीने स्वतःचं नाव घातलं, ही फिल्म मी बनवली म्हणून. ती चित्रफीत दोन दिवसांत विदर्भभर फिरली. कंपनीने तिला काढून टाकलं.

दवाखान्यांत पिवळी बाळं येऊ लागली. डॉ. गेडाम सांगायच्या, आज दोन वेळेत आली, आज चार आली. आणि भाके म्हणाले होते तेही खरं ठरलं. लोकांनी नुसतं ऐकलं नाही, घाबरून फिल्म ओढून काढल्या. पाऊस यायच्या आधी एक उष्णतेची लाट आली. आईचा फोन आला. आवाज रडून घोगरा झालेला.

"तात्या गेले गं. त्यांच्या नातीले दिवस गेले, म्हणून त्यांनी घरातला सारा कागद काढून टाकला होता. दुपारी झोपले, ते उठलेच नाही."

प्रणालीने फोन खाली ठेवला. तात्यांनी सरकवलेल्या बादल्या तिला आठवल्या. तिने कुणाला वाचवलं आणि कुणाला मारलं, याचा हिशेब मांडायला तिच्याकडे कुठलाच आलेख नव्हता. चित्रफीत काढली नसती तर? ती रोज हा प्रश्न स्वतःला विचारायची आणि रोज त्याच उत्तरापाशी यायची, की तरीही काढलीच असती. पण त्याने झोप येत नव्हती.

दिवाळी गेली. केतकीने फोन केला नाही. थंडी पडल्यावर एक दिवस प्रणाली न कळवता चंद्रपूरला गेली. जिना चढताना तिला वाटलं, परत फिरावं. तात्यांच्या दाराला कुलूप होतं.

दार केतकीने उघडलं. ती बारीक झाली होती. प्रणालीला पाहून ती बाजूला झाली. आत सतरंजीवर तिची मुलगी, शर्वी, बसली होती. सात महिन्यांची, गुटगुटीत, हातात स्टीलची वाटी. ती वाटी तिने जमिनीवर आपटली. मोठा आवाज झाला. तिने पुन्हा आपटली. आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं. वाटीची थरथर हाताला लागत होती, त्यात तिला मजा वाटत होती.

प्रणाली तिच्यासमोर खाली बसली. मुलीने वाटी टाकली आणि तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही. तोंडाकडे. ओठांकडे. एकटक, काहीतरी येणार आहे अशी वाट बघत.

प्रणालीला शब्द फुटेना. जिला ऐकूच येत नाही तिला काय सांगायचं? आणि जे सांगायचं ते ऐकू येणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मागे केतकी उभी होती. तिच्या आवाजात राग होता, थकवा होता, आणि आणखी काहीतरी.

"बोल नं तिच्याशी, ताई. अशी गप्प नको बसू. ती तोंड बघून शिकतेय."

प्रणालीने डोळे पुसले, चेहरा मुलीच्या समोर आणला, ओठ नीट दिसतील असे उघडले आणि ती बोलायला लागली.